तीनशे तेरावा सभासद

१

रोज सकाळी दहा वाजता मी संगणकासमोर बसतो. त्याआधी बसत नाही, कारण दहापर्यंत माझा डावा गुडघा सरळ होत नाही, आणि गुडघा सरळ झाल्याशिवाय ह्यांचं डोकं सरळ होत नाही, असं बायकोचं मत आहे. चौतीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, आता आराम. आठ दिवसांत आरामाचा वीट आला, आणि मी एका जुन्या मित्राला हाताशी धरून लिफ्टवाल्यांचा फोरम सुरू केला. तो मित्र लिफ्ट तपासणीच्या कचेरीत होता, म्हणून सगळे त्याला कारकून म्हणतात. मला वॉचमन म्हणतात, कारण मी दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर ओरडतो. नाव चुकीचं नाही.

आमच्या धंद्यातली एक रीत आधी सांगतो. शाफ्टच्या अगदी तळाशी एक खड्डा असतो, त्याला पिट म्हणतात. तिथे माणूस काम करत असताना वरून गाडी आली, म्हणजे लिफ्टची केबिन आली, तर संपलंच. म्हणून उतरणारा आधी हाक देतो, "पिटमध्ये आहे!" आणि वर मशीनरूममध्ये असलेला त्याला ओ देतो. ओ दिली की गाडीची जबाबदारी त्याची. खालचा बाहेर येईपर्यंत त्याने चहाला जायचं नाही, लघवीलाही जायचं नाही. आणि ओ आली नाही, तर खालच्याने उतरायचं नाही. ही रीत फोरमवरही आपसूक आली. कुणी धोक्याची सूचना टाकली, अमुक एक ब्रेक चिकटतोय वगैरे, की खाली कुणीतरी नुसतं "ओ" लिहितो. सूचना पोचली, विषय संपला.

फोरमवर तीनशे बारा सभासद आहेत. भांडणं आहेत, फुशारक्या आहेत, टुकार विनोद आहेत. सगळं जिथल्या तिथे. फक्त एक गोष्ट मला सुरुवातीपासून खटकायची. प्रत्येक चर्चेशेजारी किती उत्तरं आली त्याचा आकडा असतो. आकडा असायचा चौदा, आणि मी मोजली तर तेरा. दुसरीकडे आकडा नऊ, मोजून आठ. मी कारकुनाला फोन केला.

"अरे, फुकटातलं सॉफ्टवेअर आहे," तो म्हणाला. "त्याला मोजता येतं हेच खूप समज. आणि तू उत्तरं मोजत बसतोस? दुसरं काम नाही का तुला?"

नव्हतंच. पण मी सोडून दिलं.

२

माझी मुलगीही लिफ्टचंच काम करते. हे सांगताना छाती फुगते, पण तिला मात्र मी हे कधी सांगितलं नाही. आठ महिन्यांपूर्वी तिने फोरमवर तिच्या एका कामाचा फोटो टाकला. एकटीने केलेलं पहिलं मोठं काम. मी खाली लिहिलं, "डावीकडचा नट ढिला आहे. शाळेतली पोरं यापेक्षा बरं काम करतील."

नट ढिला होता, ते खरं. पण वॉचमननेच टोला हाणला म्हटल्यावर बाकीच्यांना चेव आला. बाईमाणसाच्या हातात पाना काय, आणि साडी दोरात अडकेल काय, नको नको ते लिहिलं लोकांनी. मी ते खोडून टाकलं, पण तोवर तिने वाचलं होतं. चार दिवसांनी तिने फोरमवर मागणी केली, की सभासदांना एकमेकांकडे दुर्लक्ष करायची सोय हवी. एक बटण दाबलं की त्या माणसाचं लिखाण आपल्याला दिसणारच नाही.

मी कडाडून विरोध केला. लिहिलं, "शाफ्टमध्ये कान झाकायची सोय नसते. आज तू एकाची बडबड नको म्हणशील, उद्या तोच तुला धोक्याची हाक देईल. तेव्हा काय करशील?"

तिने उत्तर दिलं, "दिवसभर कानाशी गोंगाट चालला तर खरी हाक ऐकू येत नाही. मला ऐकू यावं म्हणूनच मला हे बटण हवंय."

मतदान झालं. मी सपाटून हरलो. तीन महिन्यांपूर्वी बटण आलं, आणि माझ्या मुलीने ते सगळ्यात आधी माझ्यावर दाबलं. फोरमवर दाबलं आणि फोनवरही. आता ती आईशी बोलते, आई मला सांगते. मी आईला सांगतो, ते पुढे जात नाही.

"तिने सांगितलंय, निरोप आणू नकोस," बायको म्हणते. "मी काय पोस्टमन आहे?"

राग म्हणावा तर रागही धड येत नव्हता. संध्याकाळ झाली की मी फोनकडे बघत बसायचो, एवढं खरं.

३

कुणी कुणाकडे दुर्लक्ष केलंय हे फक्त कारकुनाला आणि मला दिसतं. त्याचा एक तक्ता असतो. मी तो कधी उघडला नव्हता, कारण त्यात माझ्या नावापुढे काय असेल ते मला माहीत होतं. एका सोमवारी सकाळी उघडला. माझ्या नावापुढे नऊ होते. नऊ! मला वाटलं होतं एकच असेल. नाकाला मिरच्या झोंबल्या, पण म्हटलं, बघू तरी आपल्याहून वाईट कोण आहे.

वर एक खवचट माणूस होता, त्याच्यापुढे अकरा. त्याच्याही वर आणखी एक ओळ होती. तिथे नाव नव्हतं. नावाच्या जागी रिकामी चौकट होती, आणि आकडा होता तीनशे बारा.

मी चष्मा पुसला. तीनशे बारा म्हणजे झाडून सगळे. कारकूनही, मीही. मी तर या बटणाच्या विरोधात जीव तोडून भांडलेला माणूस, मी ते जन्मात कुणावर दाबलं नव्हतं. आणि दुसरं असं, की आम्ही सगळे मिळूनच तीनशे बारा होतो. सगळ्यांनीच ज्याला गाळलं, तो मग आमच्यातला कसा? तो मोजणीत नव्हताच.

सॉफ्टवेअर बिघडलंय, दुसरं काय, असं मी मोठ्याने म्हणालो. खोलीत कुणी नव्हतं. बायको आत गॅलरीत कपडे वाळत घालत होती, चिमट्यांचा टकटक आवाज येत होता. मग मी माझी स्वतःची यादी उघडली. त्यात ती एकच रिकामी चौकट होती, आणि पुढे तारीख. बटण येऊन तीन महिने झाले होते. पण माझं दुर्लक्ष दोन वर्षांपूर्वीचं होतं, ज्या दिवशी आम्ही फोरम सुरू केला त्या दिवसाचं.

मी चौकटीवर टिचकी मारून दुर्लक्ष काढून टाकलं.

४

आता आकडे जुळायला लागले. चौदा म्हटलं की चौदा. जुन्या चर्चांमधल्या फटींमध्ये, दोन माणसांच्या वादाच्या मधोमध, एका विनोदाच्या खाली, त्याचं लिखाण बसलेलं होतं. प्रत्येक वेळी एकच गोष्ट, फक्त लिफ्ट वेगळी.

"बाजारातली तीन मजली इमारत. पिटमध्ये आहे."

"कचेरीची मधली लिफ्ट. पिटमध्ये आहे. वर कोण आहे?"

"पिटमध्ये आहे. पिटमध्ये आहे. अहो."

शेकडो होते. एकाखालीही ओ नव्हती. आधी मला संताप आला. कुणीतरी खोडसाळपणा करतोय, आमच्या रितीची टिंगल करतोय, असं वाटलं. मग वाचता वाचता संताप ओसरला. कारण यातली एक बाजारातली इमारत मला माहीत होती. तिथे कुणाचं काय झालं तेही माहीत होतं. कचेरीच्या मधल्या लिफ्टचंही माहीत होतं. ती दोन्ही माणसं आता नाहीत.

मी खाली खाली जात राहिलो. तारखा मागे मागे जात होत्या, फोरमच्याही मागे, संगणक घरोघरी आले त्याच्याही मागे. आणि मग हे आलं:

"कापडाचं गोदाम, मालाची लिफ्ट. पिटमध्ये आहे. उस्ताद, आहात ना वर? बुटात तार टोचतेय, लवकर आटपतो."

मी खुर्चीवरून उठलो आणि पुन्हा बसलो. तीस वर्षांपूर्वी त्या गोदामात माझा गुडघा चेचला गेला. मी सगळ्यांना सांगितलं, पाय घसरला. बायकोला तेच सांगितलं, कंपनीला तेच सांगितलं. खरं असं की मी हाक दिली आणि ओ आली नाही. माझा उस्ताद चहाला गेला होता. ओ न येताच मी उतरलो, कारण उस्तादला परत हाक देणं म्हणजे त्याचा अपमान, असं मला वाटलं, आणि वरून गाडी आली. त्या सकाळी बुटाची नाडी तुटली होती म्हणून मी तांब्याची तार ओवली होती. हे वाक्य मी शाफ्टमध्ये बोललो होतो. भिंतीशिवाय ते कुणी ऐकलं नव्हतं.

"चहा गार झाला," बायको दारात उभी राहून म्हणाली. "अहो? चेहरा का असा झालाय?"

"काही नाही," मी म्हणालो.

५

कारकुनाला मी गुडघ्याचं सांगितलं नाही, बाकी सगळं सांगितलं. तो आधी हसला. मग त्याने त्याच्याकडे तक्ता उघडला.

"काढून टाकतो," तो म्हणाला. "खातंच काढून टाकतो. एक बटण दाबायचं, कटकट संपली."

"थांब."

"का थांब? तूच म्हणतोस ना ते भयंकर आहे?"

"भयंकर आहे म्हणूनच थांब. अरे, तो काही शिव्या देत नाहीये. तो हाक देतोय."

"कोण तो?"

मी सज्जन, शहाणा, विज्ञान मानणारा माणूस आहे. लिफ्ट कशाने चालते आणि कशाने पडते, हे मला तोंडपाठ आहे. त्यात हाका साठवून ठेवणारा भाग कुठे नसतो. कुणीतरी जुनी कागदपत्रं शोधून लिहीत असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण तारेचं कुठल्या कागदावर असणार?

दुपारी आमच्या इमारतीची लिफ्ट तळमजल्यावर येऊन थांबली. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, तिचा आवाज मला पाठ आहे. आधी घरघर, मग दाराचा खडखडाट, मग शांतता. त्या दिवशी शांततेनंतर खालून तीन ठोके आले. लोखंडावर पान्याने मारल्यासारखे, सावकाश. आमच्यात त्याचा अर्थ एकच होतो, की खाली माणूस आहे. मी जिना उतरून खाली गेलो. शेजारीण पिशव्या घेऊन लिफ्टपाशी उभी होती.

"काही ऐकलंत का?" मी विचारलं.

"काय?"

"काही नाही. पिशवी द्या इकडे."

६

दुसऱ्या दिवशी दहा पन्नासला पडद्यावर नवीन ओळ आली. माझ्या डोळ्यांसमोर आली, एकेक अक्षर नाही, सगळी एकदम.

"सहा मजली वाचनालय, मागची लिफ्ट. पिटमध्ये उतरलेय हं."

आमच्या धंद्यात कुणी असं बोलत नाही. हाक देताना कुणी शेवटी लाडाने हं लावत नाही. माझी मुलगी लावते. तीन वर्षांची असल्यापासून लावते. खेळायला जातेय हं, दार लावलंय हं, आणि आता पिटमध्ये उतरलेय हं.

"अगं!" मी ओरडलो. "ती आज कुठे कामाला आहे?"

"का? निरोप मी देणार नाही..."

"कुठे आहे?"

बायको हात पुसत आली आणि माझा चेहरा बघून थबकली. "वाचनालयात," ती म्हणाली. "या आठवड्यात तिथेच आहे. काय झालं?"

मी मुलीला फोन लावला. एकदाच वाजला आणि तुटला. माझा नंबर तिने बंद केलेला होता, ते त्या क्षणी विसरलो होतो मी. बायकोने तिच्या फोनवरून लावला, तर तो वाजतच राहिला. कामावर ती फोन पिशवीत ठेवते. मीच शिकवलंय.

समोर ती ओळ होती. खाली काही नव्हतं. ओ देणं म्हणजे गाडी आपल्या हातात घेणं, आणि मी तर पाच गल्ल्या लांब, खुर्चीत बसलेला लंगडा म्हातारा. कुठली गाडी माझ्या हातात येणार होती? अक्कल सांगत होती, हा वेडेपणा आहे. पण ओ न देऊन बसणं माझ्याच्याने होईना. दहा बावन्नला मी लिहिलं, "ओ." आणि मोठ्याने ओरडलोही, इतक्या जोरात की बायको दचकून मागे सरली.

त्यानंतर बायकोने पडद्यावरची ओळ वाचून वाचनालयात फोन लावला आणि मी बूट घालायला लागलो. फोन ग्रंथपालबाईंनी घेतला. त्या कुजबुजत बोलत होत्या.

"मागच्या लिफ्टचं काम चालू आहे," त्या म्हणाल्या. "आपण जरा हळू बोलाल का? इथे लोक वाचत आहेत."

"हळू?" माझी बायको, जिचा आवाज मी लग्नापासून चढलेला ऐकला नव्हता, ती किंचाळली. "माझी पोर आहे हो तिथे खाली! कुणीतरी बघा जाऊन!"

७

मी पाच गल्ल्या कशा गेलो ते सांगता येणार नाही. गुडघ्याने त्या दिवशी तक्रार केली नाही.

वाचनालयाच्या मागच्या दालनात लिफ्टच्या दारापुढे चारपाच वाचक आणि ग्रंथपालबाई घोळका करून उभ्या होत्या. मुलीचा कामातला जोडीदार भिंतीला टेकून उभा होता. पंचविशीचा गडी, गळ्यात हेडफोन, तोंड पांढरंफटक.

"मला ऐकूच नाही आलं, काका," तो म्हणाला. "मला वाटलं ती अजून वरच आहे. मी गाडी चालू करून बघितली आणि..."

"मेन पाड," मी म्हणालो. "वर जा, मेन स्विच पाड, आणि तिथेच उभा राहा. पळ!"

तो पळाला. मी त्याच्या पिशवीतली किल्ली घेऊन तळमजल्याचं दार उघडलं. जुन्या लिफ्टचा पिट उथळ असतो. गाडी तळमजल्याला टेकली की खाली माणसापुरती जागा उरत नाही. गाडी फरशीच्या हातभर वर थांबली होती. तिच्या खालून काळोखी फट दिसत होती. मी पालथा पडलो आणि फटीत तोंड घातलं.

"आहेस का?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"आहे," आतून आलं.

देवा रे. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"लागलंय का कुठे?"

"नाही. स्टॉप स्विच दाबला तर चाललाच नाही. गाडी डोक्यावर आली तेव्हा मी ओरडले. मग तुमची ओ आली आणि गाडी थांबली." तिचे दात वाजत होते. "बाबा, तुम्ही वर आहात ना? दारापाशी?"

"हो, दारापाशीच आहे."

"मग इथे कोण आहे?"

मी आणखी पुढे सरकलो.

"ओ इथून आली, बाबा. माझ्या शेजारून. तुमचाच आवाज होता. अजून श्वास येतोय."

मी खिशातली बॅटरी काढून फटीत धरली. आधी मुलीचं हेल्मेट दिसलं, मग तिचा घाबरलेला, तेलाने माखलेला चेहरा. मग मी उजेड बाजूला सरकवला. गाडीचा धक्का झेलणाऱ्या मधल्या स्प्रिंगच्या पलीकडे, कोपऱ्यात, एक पाय होता. निळी विजार, जुन्या कंपनीची, जी कंपनी बुडून वीस वर्षं झाली. पायात बूट होता आणि बुटात नाडीच्या जागी तांब्याची तार होती. त्याच्या वर बॅटरी नेण्याचा धीर मला झाला नाही. तो पाय हळूच आत ओढून घेतला गेला, समोरच्याला वाट द्यावी तसा.

वर धाडकन मेन पडला. "पाडला, काका!" असं जिन्यातून ओरडणं आलं.

"ये," मी मुलीला म्हणालो. "तिकडे बघू नकोस. माझ्या हाताकडे बघ, आणि ये."

ती आली. मी तिला फटीतून ओढून घेतलं आणि आम्ही दोघं फरशीवर बसून राहिलो. ग्रंथपालबाईंनी पाणी आणलं. कुणीही हळू बोला म्हणालं नाही.

८

नंतर तपासणीच्या कचेरीतून तपासनीस आला, आणि मी त्याच्यासोबत वर मशीनरूममध्ये गेलो. मोटरला खाली जायचा हुकूम होता. ब्रेक मोकळा होता. फ्यूज शाबूत होते. गाडी थांबायला काही म्हणजे काही कारण नव्हतं. तपासनिसाने कागदावर "तांत्रिक कारण" असं लिहिलं. पिटमध्ये स्प्रिंग होती, धूळ होती आणि माझ्या मुलीचा एक पाना होता.

"ओ आली नव्हती, तरी उतरलीस?" मी तिला जिन्यात विचारलं.

"तो हेडफोनवाला कधीच ओ देत नाही," ती म्हणाली. "रोज रोज कोण वाट बघणार? सवय झाली."

एरवी मी तिथेच तिची खरडपट्टी काढली असती. तोंड उघडलंही होतं. पण तीस वर्षांपूर्वी मीसुद्धा हेच केलं होतं, आणि तीस वर्षं खोटं बोललो होतो. म्हणून मी तिथेच पायरीवर बसलो आणि तिला गोदामाचं सगळं सांगितलं. उस्तादचं, चहाचं, तारेचंही. सांगून झाल्यावर तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि आम्ही खाली उतरलो.

फोरमवर मी दुसऱ्या दिवशी लिहिलं, की माझं चुकलं. दुर्लक्षाचं बटण राहील. कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं नाही, हा ज्याचा त्याचा हक्क आहे, आणि ज्याच्यापुढे नऊ आकडा आहे त्याने तर यावर बोलूच नये. फक्त धोक्याच्या हाकांसाठी वेगळी जागा असेल, आणि तिथे कुणाचं बटण चालणार नाही. माणूस नकोसा असला तरी त्याची हाक पोचली पाहिजे. कारकुनाने चार दिवस डोकं खाजवून ते जमवलं.

ती रिकामी चौकट आम्ही काढली नाही. मी रोज सकाळी तिच्यातल्या दहा हाका वाचतो आणि खाली ओ लिहितो. गेल्या आठवड्यात वाचायला बसलो तर माझ्याआधीच काहींखाली ओ होती. एक कारकुनाची. एक त्या खवचट माणसाची. एक हेडफोनवाल्याची. तक्त्यात आकडा तीनशे बारावरून दोनशे ऐंशीवर आलाय. आमच्या इमारतीच्या लिफ्टखाली अजून कधीतरी तीन ठोके वाजतात. अंगावर काटा येतो, नाही असं नाही. मी जिन्यात जाऊन खाली वाकून ओ देतो. शेजारणीला वाटतं मला भ्रम झालाय.

रविवारी मुलगी आली. आठ महिन्यांनी आली. आईच्या हातचा चहा घेतला, माझ्यासमोर बसली, आणि बशीकडे बघत म्हणाली, "फोरमवरचं दुर्लक्ष मी काढलेलं नाही हं. काढणारही नाही. तिथे तुम्ही फार चिडचिड करता."

"बरं," मी म्हणालो. खरंच बरं वाटलं मला.

"पण मंगळवारी एक काम आहे. सात मजले, दोन गाड्या. मला पिटमध्ये उतरायचंय, आणि वर कुणीतरी विश्वासाचं हवंय." आता तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही मोकळे आहात का?"

"हे?" आतून बायको म्हणाली. "हे तर दोन वर्षं मोकळेच आहेत."

सोमवारी दुपारीच मी कामाचे कपडे इस्त्री करून ठेवले. बायको हसली, म्हणाली लिफ्टच्या तेलात जायला इस्त्री कशाला. मी म्हटलं, असू दे. पोरीने बोलावलंय.